साफ केलेली शांतता

४ डिसेंबर २०२२, रविवार. त्या दुपारी राजाभाऊ खेडेकरांनी एका भयपटाच्या पहिल्या चार मिनिटांचा आवाज सव्वीस हजार पाचशे रुपयांत करून द्यायचे कबूल केले. मी तेव्हा त्यांच्याच दिवाणखान्यात बसलो होतो. रक्कम ऐकून हेमलतावहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "चार मिनिटांचे एवढे? मी पस्तीस वर्षं बोलतेय, माझे किती झाले असतील?"

"तुला बोलण्याचे कोण देतंय?" राजाभाऊ म्हणाले. "गप्प बसलीस तर मिळतील."

"मग राहू देत. मला नाही परवडायचं."

समोर बसलेला राजीव हा तिशीतला दिग्दर्शक. गाझियाबादचा, मराठीचा गंध नाही, पण नवरा-बायकोचे काहीतरी चालले आहे एवढे ओळखून तोही हसला. त्याचा हा पहिलाच चित्रपट. पैसे थोडे, म्हणून सगळी गोष्ट एका फ्लॅटमध्ये घडणारी.

राजाभाऊ ध्वनिमुद्रक. सरकारी माहितीपट काढणाऱ्या एका खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. धरणे, लसीकरण, लोकनृत्ये, मंत्र्यांची उद्घाटने, सगळ्यांचा आवाज त्यांनी धरला. निवृत्तीनंतर नोएडाच्या स्टुडिओंतून मिळतील ती कामे ते करत. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. गुडघ्यांमुळे त्यांना गाडी चालवणे जमेना, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी माझी गाडी आणि त्यांच्या पेट्या असे ठरूनच गेले होते. माझी नोकरी हिशेबाच्या खात्यातली. आवाजातले मला काही कळत नसे, पण त्यांच्याबरोबर बसायला आवडे.

राजीवने लॅपटॉप उघडून ती चार मिनिटे दाखवली. अजून त्यांना आवाज नव्हता. संध्याकाळची वेळ. पन्नाशीची एक बाई घरी येते, पिशवी ठेवते, गॅसवर कुकर चढवते, बाल्कनीतले वाळलेले कपडे काढून घड्या घालते. मग टेबलावर दोन ताटे मांडते. घरात दुसरे कोणी नाही. शेवटी ती बोळाच्या टोकाच्या दाराकडे बघते आणि हळूच मान हलवते, जसे कोणी काही विचारल्यावर आपण 'हो' म्हणतो तसे. तिथे चित्रपटाचे नाव येते.

"यात भिण्यासारखं काय आहे?" मी हिंदीत विचारले.

"अंकल, अभी डराना ही नहीं है," राजीव म्हणाला. "शुरू में बस एक सवाल छोड़ना है और जवाब लेकर भाग जाना है."

मग त्याने एक जागा मागे नेऊन पुन्हा दाखवली. बाई कपडे आणायला बाल्कनीत जाते, पण कॅमेरा तिच्यामागे जात नाही. तो रिकाम्या खोलीतच थांबतो, आणि चौकटीच्या अगदी कडेला ते बोळातले दार दिसत राहते. राजीवचे म्हणणे असे की बघणाऱ्याच्या मनात येते, हा कॅमेरा इथे का थांबला? त्याला काहीतरी ठाऊक आहे, जे मला ठाऊक नाही. दारातून कोणी यायला नको. दार दिसत राहिले की पुरे. पोरगा हुशार होता, राजाभाऊंनाही तो पटला.

भांडण झाले ते आवाजावरून. राजीवला वारा हवा होता, कुत्र्याचे रडणे हवे होते, दाराची करकर आणि खालच्या पट्टीतले व्हायोलिन हवे होते.

"हे सगळं पुढे वापर," राजाभाऊ त्याला हिंदीत म्हणाले. "सुरुवातीला माणसाला घरात नीट बसू दे. फ्रिज चालू आहे, नळ टपकतोय, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, खाली कोणीतरी स्कूटर सुरू करतंय. हे आवाज ऐकले की त्याला वाटतं, ठीक आहे, असंच माझंही घर आहे. मग मी एकेक आवाज काढून घेणार. आधी स्कूटर, मग नळ. मग फ्रिज बंद होईल. ते कोणाच्या लक्षात येणार नाही, पण मान ताठ होईल. शेवटी जी शांतता उरेल ना, तिला तो घाबरेल. का घाबरलो ते त्याला सांगता येणार नाही."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पडद्यावरच्या बाईकडे बघितले.

"ही डाळ लावतेय?"

"हो."

"मग तीन शिट्ट्या. दोन होऊ द्यात, तिसरी देऊच नका."

राजाभाऊंनी ते राजीवला हिंदीत सांगितले. राजीवने लॅपटॉप मिटला आणि वहिनींना वाकून नमस्कार केला. दोन शिट्ट्या ऐकल्या की सगळे प्रेक्षागृह आपोआप तिसरीची वाट बघत बसणार, आणि कोणाला कळणारही नाही की आपण कशाची तरी वाट बघतोय.

"माझं नाव घालाल का त्यात?" वहिनींनी त्याला हिंदीत विचारले.

"कुकरवाली मॅडम," राजीव म्हणाला.

"मॅडम नको हं. भूत म्हणून घाला, जास्त लोक वाचतील."

वहिनींच्या आवाजाबद्दल इथे सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट त्याचीच आहे. मोठा, थोडा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी चढणारा. तिसऱ्या मजल्यावरून त्या भाजीवाल्याला हाक मारत, "भैया, मेथी कोवळी है क्या?" आणि तो दिल्लीचा माणूस दहा वर्षांत 'कोवळी' शिकला होता. माझ्या बायकोशी त्या बाल्कनीतून बोलत, फोन हाताशी असूनही. "फोनवर तोंड दिसत नाही," म्हणत. "इथे निदान तुमचं डोकं तरी दिसतं." सोसायटीतली मुले त्यांची नक्कल करत, आणि त्या मुलांना बोलावून नक्कल सुधारून देत. गेल्या दोन हिवाळ्यांपासून मात्र त्यांना खोकला धरला होता. दिल्लीची हवा त्या दिवसांत कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. चार वाक्ये झाली की त्या थांबून श्वास घेत, आणि पाचवे वाक्य त्याच जोरात.

असा आवाज घरात असलेल्या ध्वनिमुद्रकाचे काय होत असेल? राजाभाऊंनी लग्नानंतरच एक नियम घालून दिला होता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते मायक्रोफोन तपासायला घरी आणत. यंत्राचा लाल दिवा लागला की घरात कोणी बोलायचे नाही, हलायचे नाही. मुलगी रुचिता लहान असताना वहिनींनी त्याचा खेळ केला होता. लाल दिवा लागला की आई आणि मुलगी पुतळा व्हायच्या. रुचिता थोड्या वेळाने हसायची, वहिनी कधीच नाही. तोंडाला खळ नसलेली ही बाई लाल दिव्यापुढे मात्र दगड होई. राजाभाऊ कौतुकाने सांगत, "आमच्या युनिटमध्ये एवढं गप्प कोणाला बसता येत नाही."

आता खोलीच्या शांततेबद्दल. चित्रपटवाले प्रत्येक जागेची शांतता वेगळी मुद्रित करून ठेवतात, हे मला राजाभाऊंकडून कळले. खोलीत कोणी बोलत नसले तरी खोली बोलत असते. भिंती, पडदे, गादी, बाहेरचा रस्ता, या सगळ्यांचा मिळून एक हलका आवाज असतो. तो संवादांच्या खाली अंथरावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला तुटल्यासारखे वाटते. स्टुडिओत अशा शांतता तयार मिळतात, पण राजाभाऊंना त्या नको होत्या.

"त्या रिकाम्या खोल्यांच्या आहेत, दत्ताजी," ते मला म्हणाले. "माणूस बसलेलं असलं की खोलीची शांतता जाड होते. अंग आवाज पितं. या बाईच्या घरात दुसरं कोणीतरी आहे. ते दिसत नाही, पण असायला हवं. मला अशी खोली पाहिजे की जिच्यात कोणीतरी बसलंय आणि बोलत नाही."

त्यासाठी त्यांनी स्वतःचीच आतली खोली निवडली, आणि बसायला वहिनी.

डिसेंबर हा त्या कामाला चांगला. पंखे नाहीत, कूलर नाहीत, खिडक्या बंद, आणि रविवारी दुपारी सगळी सोसायटी खाली लॉनवर उन्हात. अडचण एकच, विमाने. द्वारकेवरून ती इतकी सतत जातात की सवयीने आम्हाला ती ऐकूही येत नाहीत, पण मायक्रोफोनला येतात. दोन विमानांमध्ये जेवढा वेळ सापडेल तेवढाच आपला. पुढच्याच रविवारी मी त्यांच्या बोळात उभा होतो. वहिनी पलंगाशेजारच्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. राजाभाऊंनी कानाला हेडफोन लावून लाल दिवा लावला की त्या पुतळा. विमान आले की राजाभाऊ हात वर करत, आणि वहिनी लगेच सुरू होत.

"हे कुठलं असेल हो, भावजी? दुबईचं?"

"पाटण्याचं असेल, वहिनी."

"पाटण्याचं एवढं मोठं नसतं. माणसं काय कमी आहेत का दुबईला जायला? रुचितापण म्हणतेय, बदली घेते. मी म्हटलं, घे, पण..."

"हेमा. चालू केलं."

पुन्हा पुतळा. असे बऱ्याच वेळा झाले. शेवटचा तुकडा लांब मिळाला. त्यात वहिनींना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी शालीचे टोक तोंडात धरून दाबली. डोळ्यांत पाणी आले. श्वास मात्र दाबता आला नाही, बारीक शिट्टीसारखा तो येत राहिला. आणि अगदी शेवटी, राजाभाऊ हेडफोन काढायच्या आत, त्या म्हणाल्या, "झालं का हो? की आता इथंच पुरणार आहात मला?"

राजाभाऊ हसले. लाल दिवा चालूच होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते संगणकावर घेऊन साफ केले. साफ करणे म्हणजे नको ते वेचून काढणे. उबळ काढली, शालीची सळसळ काढली, श्वासाची शिट्टी काढली, शेवटचे वाक्य कापले. उरलेली शांतता राजीवला पाठवून दिली. तो इतका खूश झाला की त्याने फोन करून ती ऐकवली, म्हणजे फोनवर काहीच ऐकू आले नाही आणि तो म्हणत राहिला, "सर, सुन रहे हैं?"

कच्चे मुद्रण राजाभाऊ ठेवत नसत. ही सवय जुनी. सरकारी खात्यात टेप मोजून मिळत. काम दिले की टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची, न पुसता ठेवली तर वर लेखी कारण द्यावे लागे. टेप गेल्या, छोटी कार्डे आली, ती स्वस्तही झाली, पण हाताला वळण तेच राहिले. संगणकावरचे त्यांनी पुसले. कार्ड त्यांनी १४ जानेवारीला पानिपतला जाताना बसमध्ये पुसले. इथल्या मराठी मंडळाचे लोक दरवर्षी त्या दिवशी, लढाईच्या स्मृतिदिनी, काला अंबच्या स्मारकाला जातात, आणि कार्यक्रमाचे मुद्रण दरवर्षी राजाभाऊ करतात. त्याच कार्डावर त्या दिवशी भाषणे आली, पोवाडा आला, घोषणा आल्या आणि शेतातला वारा आला. वहिनी बसमध्ये नव्हत्या. थंडीत बाहेर पडू नका असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी बाल्कनीतून आम्हा सगळ्यांना तिळगुळाच्या वड्या घेतल्या का असे विचारले, आणि त्यासाठी अख्खी सोसायटी उठवली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तोंडावर मास्क होता, त्यामुळे बोलणे बंदच. राजाभाऊंकडे बघून त्या हाताने खुणा करत. पाचव्या दिवशी पहाटे गेल्या.

राजाभाऊ कोणासमोर रडले नाहीत. तेरावा झाला, रुचिता गुरुग्रामला परत गेली, आणि ते मिळेल ते काम घेऊ लागले. घरात टीव्ही लावत नसत. भाजीवाला खालून काही दिवस तिसऱ्या मजल्याकडे बघत असे, मग त्याने बघणे सोडले.

जूनमध्ये राजीवने नोएडाच्या एका छोट्या हॉलमध्ये चित्रपट दाखवला. काम केलेले लोक आणि त्यांच्या घरचे, एवढेच प्रेक्षक. मी राजाभाऊंना घेऊन गेलो, रुचिता तिकडून आली. दिवे गेले. ती बाई घरी आली. फ्रिज, नळ, खुर्ची, स्कूटर. माझ्या पुढच्या रांगेत कोणीतरी कुरमुरे खात होते. कुकरची पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. बाई बाल्कनीत गेली आणि कॅमेरा खोलीत राहिला. कुरमुरे खाणारा कधी थांबला ते मला कळले नाही. मला सगळे आधीच माहीत होते, कुठले आवाज कधी जाणार ते मला राजाभाऊंनी सांगितले होते, तरी मी एकदा वळून हॉलच्या दाराकडे बघितले. खोली दिसत होती, दार दिसत होते, आणि पूर्ण शांतता. ती रिकामी वाटत नव्हती. कोणीतरी अगदी जवळ बसून आपल्याकडे बघत आहे असे वाटत होते. मागे एक मुलगी आपल्या आईला म्हणाली, "मम्मी, चलो ना."

रुचिताने वडिलांच्या कानाशी विचारले, "बाबा, हीच का ती? आपल्या रूमची?"

"हो."

"ह्याच्यात आई आहे?"

"बसली होती."

"मग ऐकू का नाही येत?"

"साफ केलंय ते."

रुचिता म्हणाली, "साफ न केलेलं असेल ना तुमच्याकडे? ते द्या मला."

पुढचा चित्रपट त्यांनी बघितला की नाही मला माहीत नाही. डोळे पडद्यावर होते.

ते पुसले आहे हे परत येताना गाडीत तिला कळले. ती मागे बसली होती. तिने आधी नीट विचारले, वडिलांकडे आईचा दुसरा कुठला आवाज असेल म्हणून. राजाभाऊ आठवत गेले. मुंज, लग्न, बारसे, सगळीकडे त्यांनी मुद्रण केले होते, पण ती कामे होती. आचाऱ्याला ओरडणाऱ्या वहिनी, हसणाऱ्या वहिनी, सगळे नको म्हणून काढलेले. "पार्श्वभूमीत होती ती," ते म्हणाले. "पार्श्वभूमी काढतातच."

"माझ्या फोनमध्ये असेल," रुचिता म्हणाली, आणि तिथेच बघू लागली. एकामागून एक व्हिडिओ लागत गेले. मी गाडी चालवत होतो, मला फक्त ऐकू येत होते. एका वाढदिवसाला सगळे गात होते. एका सहलीत रुचिता म्हणत होती, "आई, काहीतरी बोल ना," आणि मग वारा. पुन्हा, "आई, बोल यार, हा व्हिडिओ आहे, फोटो नाही." पुन्हा नुसता वारा. आणखी एक, आणखी एक.

"आई बोलतच नाहीये," रुचिता म्हणाली. "सगळ्यात ती नुसती बघतेय. एकात तर ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प करतेय."

मोबाइलवर मुद्रण करतानाही कोपऱ्यात लाल ठिपका लागतो. समोरून तो दिसत नसला तरी वहिनींना ठाऊक होता.

व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायला त्या कधी शिकल्या नाहीत. माझ्या बायकोनेही सगळे फोन धुंडाळले, शेजाऱ्यांना विचारले. सगळ्यांना तो आवाज आठवत होता. कोणाकडेच तो नव्हता.

गाडी थांबवली तेव्हा रुचिता उतरली नाही. "तुम्ही शिकवलंत तिला," ती वडिलांना म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी हसायचे म्हणून मला तुम्ही बाहेर काढायचात. ती नाही हसायची."

राजाभाऊ म्हणाले, "हो."

यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. पुसलेले कार्ड पूर्ण पुसले जात नाही, वरून दुसरे लिहिले गेले तरी खाली काही राहते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. वहिनींचे ते शेवटचे वाक्य त्यांना हवे होते, पुरण्याचे. ते नाही तर निदान श्वासाची शिट्टी. "नुसता खोकला मिळाला तरी रुचिताला देईन," मला म्हणाले. जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही ते कार्ड घेऊन नेहरू प्लेसला गेलो. पहिल्या मजल्यावर एका तरुण सरदारजीचे दुकान होते, हार्ड डिस्कमधून गेलेले परत काढून देणारे. त्याने कार्ड ठेवून घेतले, पुढच्या शनिवारी या म्हणाला.

पुढच्या शनिवारी त्याने आम्हाला स्टुलांवर बसवले. "अंकल, ऊपर किसी के भाषण चढ़ गए हैं," तो म्हणाला. "नीचे का बहुत कम बचा है. एक टुकड़ा मिला है, शुरू का."

"शेवटचं नाही?"

"पीछे का सब गया."

त्याने तो तुकडा लावला. आधी स्टँड सरकल्याचा आवाज. मग शाल झटकल्याचा. मग राजाभाऊंचा स्वतःचा आवाज, जवळून आणि स्पष्ट: "हेमा, आता बोलायचं नाही. चालू केलं."

त्यानंतर काही नाही. उबळ नाही, शिट्टी नाही. पहिलाच तुकडा होता तो, वहिनी ताज्या होत्या, श्वाससुद्धा त्यांनी धरून ठेवला असणार. मग दूरवर कुठेतरी विमानाची सुरुवात, आणि तिथे तो तुटला.

राजाभाऊंनी पुन्हा लावायला सांगितले. मग दुकानदाराचे हेडफोन मागितले, ते कानांवर दाबले, आवाज वाढवायची खूण केली. दुकानदाराने वाढवला. राजाभाऊ वाकून बसले होते, डोळे मिटलेले. खालून बाजाराचा गलका येत होता, त्यांना तो ऐकू येत नव्हता. पुन्हा, मग पुन्हा.

दुकानदार माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "इसमें तो कुछ है ही नहीं."

राजाभाऊंनी ते कसे ऐकले कोण जाणे. हेडफोन न काढता म्हणाले, "है. बैठी है."

दुकानदाराने मान खाली घातली आणि तो तुकडा एका पेन ड्राइव्हवर घालून दिला.

रुचिता त्या संध्याकाळी आली. राजाभाऊंनी तिला आतल्या खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवले आणि ऐकवले. मी दारात होतो. तिने एकदाच ऐकले.

"बाबा, हा तुमचाच आवाज आहे."

"पुढे ऐक."

"पुढे काही नाही."

"ती खुर्चीत आहे तिथे. खोली जाड वाजतेय. नीट ऐक, बेटा."

रुचिताने पुन्हा लावले. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला काही ऐकू येत नव्हते, आणि आपल्याला येतेय असे म्हणावे की नाही हे तिला ठरवता येत नव्हते. शेवटी तिने हेडफोन काढून वडिलांच्या हातात दिले.

"मला नाही येत, बाबा," ती म्हणाली. "सॉरी."

राजाभाऊ पलंगावर बसले. रुचिताने त्यांचा हात धरला. ऑगस्टमध्ये तिने दुबईची बदली घेतली.

राजाभाऊ अजून काम करतात. हल्ली कोणाच्याही घरी गेले की यंत्र चालू करायच्या आधी ते लोकांना म्हणतात, "बोला, बोला, मी नंतर बघतो." त्यांच्याकडे कच्च्या मुद्रणाने भरलेल्या डिस्कचा ढीग झाला आहे. लग्नातल्या अनोळखी बायका, आचारी, मुले, सगळे त्यात बोलत आहेत. तो तुकडा ते रोज ऐकतात का, हे मी विचारलेले नाही.

नेहरू प्लेसच्या दुकानदाराने साडेतीन हजार सांगितले होते. त्या दिवशी राजाभाऊंच्या खिशात तीन हजार शंभर होते. मी फोनवरून देतो म्हणालो, ते नको म्हणाले, माझे मी आणून देईन. त्यांचे पुन्हा तिकडे जाणे झालेले नाही. चारशे रुपये देणे आहेत.